पाळीवरून मोजलेलं पाणी

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटले? आता एक तलाव समोर आणा. एका बाजूला मातीची उंच पाळ, पाळीवर जांभळाची झाडं, टोकाशी सांडव्याचा दगड. तलाव भरला की पाणी त्या दगडावरून वाहून जातं. दुसऱ्या बाजूला पाळ नाही, नुसती जमीन हळूहळू वर चढत गेलेली. तुम्ही पाळीवर उभे आहात आणि खालच्या शेतातून कुणीतरी ओरडून विचारतं, "तलावात पाणी किती आहे?"

काय सांगाल? घाई करू नका. कुणी घरातली बादली आठवेल आणि तळापासून वर मोजेल. कुणी म्हणेल, तळ तर दिसतच नाही, मोजू कसं? जे मनात आलं असेल ते तसंच धरून ठेवा. ज्योत्सनाच्या गोष्टीत ते लागणार आहे. हं, उघडा डोळे.

ज्योत्सना एकोडीच्या पलीकडच्या एका लहान गावातली, ढिवरांच्या घरची मुलगी. तिचे बाबा हेमराज गावच्या तलावात मासे धरतात आणि आई शकुन ते बाजारात नेऊन विकते. ज्योत्सना बारावीला चांगली पास झाली आणि तालुक्याच्या गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊ लागली. पहिल्या सहामाहीचे सगळे पेपर सुटले, एक सोडून. तो म्हणजे गणित-एक.

आता तुम्ही म्हणाल, अभ्यास केला नसेल. तसं नव्हतं. उलट या एका विषयाचाच तिनं सगळ्यात जास्त अभ्यास केला होता. पण बारावीपर्यंतची गणितं तिनं पाठ करून सोडवली होती. या प्रकाराला हे सूत्र, त्या प्रकाराला ते. कॉलेजात गणितं निराळ्याच वेषात समोर यायची. भिंतीला टेकवलेली शिडी घसरते आहे, भांड्यातून पाणी गळतं आहे. चित्र तुम्हीच काढा, काय कशापासून मोजायचं ते तुम्हीच ठरवा आणि सांगा, या क्षणी वेग किती? ज्योत्सना चित्र काढायची, सूत्र लिहायची, आकडेमोड तर अशी करायची की कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि उत्तर चुकायचं. कधी आकडाच भलता यायचा, कधी अधिकच्या जागी उणे. गणिताच्या ममता मॅडम समजुतीनं म्हणायच्या, "ज्योत्सना, चिन्हाकडे लक्ष दे गं." ती इतकं लक्ष द्यायची की शेवटी अंदाजानंच चिन्ह बदलून टाकायची.

हे सगळं घरात माहीत होतं. चुलतभाऊ प्रविण तर दिसेल तिथं छेडायचा.

"काय इंजिनिअरबाई, सापडला का तुमचा मायनस? तलावात पडला असन तं सांगजो, जाळं टाकतो!"

ज्योत्सना हसून सोडून द्यायची. पण आतून तिचं तिनं ठरवलं होतं. उन्हाळी परीक्षेत हा पेपर सुटला नाही तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. तसं झालं तर कॉलेज सोडायचं. आपल्या डोक्यात मुळातच काहीतरी उलटं बसवलेलं आहे आणि ते सुलटं होणारं नाही, अशी तिची खात्री होत चालली होती. जेवण कमी झालं होतं. आई ताटाकडे बघायची, पण बोलायची नाही.

परीक्षा तोंडावर आली. एका दुपारी तापलेल्या पत्र्याच्या छपराखाली बसवेना, म्हणून ती पुस्तक घेऊन पाळीवर जांभळाच्या सावलीला आली. मागोमाग टीना आली. टीना म्हणजे तिची धाकटी बहीण. पाचवीची परीक्षा संपलेली, हातात कैरी, फ्रॉकच्या खिशात मीठ.

"ताई, काय वाचून राहिली व?"

"गणित."

"मले सांग ना."

"तुले नाई समजणार."

"तुले तरी कोठं समजून राहिलं?" टीना म्हणाली आणि कैरीचा तुकडा तोडला.

ज्योत्सनाला राग यायला हवा होता, पण हसू आलं. तिनं पुस्तक मिटलं, एक काडी उचलली आणि पाळीच्या मऊ मातीत मोठ्ठं चित्र काढायला घेतलं.

"हे पाह्य. चण्याचा पुडा असते ना कागदाचा? टोक खाली, तोंड वर? तसं एक भांडं हाये. सहा मीटर उंच."

"मीटर कोठं हाये इथं? माया हात घे."

ठरलं. टीनाचा हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे एक मीटर. टीना मातीत आडवी पडली आणि तिनं कोपर टेकवत टेकवत सहा हात मोजून दिले. वरचं तोंड मधल्या रेघेपासून एकीकडे तीन हात, दुसरीकडे तीन. टोकाला भोक. भोकातून पाणी चाललेलं.

"आता पाणी वरच्या काठापासून दोन हात उतरलं." ज्योत्सनानं तिथं आडवी रेघ मारली. "त्या वेळी पाणी कितीक जोरानं उतरून राहिलं, ते काढाचं हाये. त्याच्यासाठी पयले पाहाचं, या रेघेवर पाणी कितीक चौडं हाये. मधातून काठापर्यंत. त्याचा फार्म्युला हाये. एच भागिले दोन. एच म्हंजे पाण्याची पातळी. आपली पातळी दोन, तं अर्धं किती?"

"एक."

"मंग झालं. मधातून काठापर्यंत एक हात."

टीनाला हातानं मोजण्याची गोडी लागली होती. तिनं मधल्या रेघेवर कोपर ठेवलं, हात लांब केला. बोटं काठापर्यंत पोचली नाहीत. तिथं खूण करून तिनं कोपर पुढं सरकवलं.

"ताई, दोन हाये."

"एक हाये."

"दोन हाये ना व. माया हात काय मधातच आखूड झाला?"

"चित्र वाकडं झालं असन."

"मंग तू मोज."

ज्योत्सनानं टीनाचा हात धरून स्वतः मोजलं. बरोबर दोन. तिनं भांड्याच्या बाजू पुन्हा सरळ ओढल्या. तरीही दोन. पुस्तकातलं सूत्र खोटं असणार नाही आणि बहिणीचा हातही खोटा नाही. काडी हातात तशीच राहिली. हेच व्हायचं प्रत्येक वेळी. सगळं बरोबर करूनही चूक.

तेवढ्यात हेमराज आपली लहानशी होडी, डोंगा, घेऊन काठाला लागले. पलीकडच्या बांधावरून गोदावरीबाईंनी हाक दिली. त्यांचं उन्हाळी धान तलावाच्या पाण्यावर उभं होतं.

"हेमराजभाऊ! कितीक उतरला जी तलाव?"

हेमराजनी सांडव्याच्या दगडाकडे एक नजर टाकली. "सात हात उतरला, काकी!"

"माया धानाले शेवटचं एक पाणी भेटते का?"

"भेटते, भेटते. बेफिकीर राहा!"

गोदावरीबाई गेल्या. टीना मात्र मातीत पडल्या पडल्याच बाबांकडे बघत होती.

"बाबा, सात हात उतरला. पण हाये कितीक?"

"हाये ते हाये," हेमराज जाळं झटकत म्हणाले. "खाली गाळ रायते बेटा. एका साली कमी, एका साली जास्त. त्याले कोण मोजते? आपल्याकडं दगडावरूनच मोजतेत. माया आजाही तसाच मोजे."

"म्हंजे उतरला तो सांगाचा, हाये तो नाई सांगाचा," टीना पुटपुटली. मग ज्योत्सनाकडे वळून तिनं विचारलं, "ताई, तुया पुस्तकातला एच उतरलेला हाये, का असलेला हाये?"

ज्योत्सनानं हातातली काडी खाली ठेवली. ती मातीतल्या चित्राकडे बघत राहिली. वरच्या काठापासून पाण्याच्या रेघेपर्यंत तिनं स्वतःच्या हातानं बाण काढला होता आणि त्याच्याजवळ एच लिहिलं होतं. असा बाण तिनं वर्षभर काढला होता. प्रत्येक भांड्यात, प्रत्येक हौदात, शिडीच्या गणितातसुद्धा. शिडी जमिनीपासून किती उंच आहे हे न मोजता ती भिंतीवरून किती घसरली ते मोजायचं. काहून? कारण लहानपणापासून पाणी तसंच मोजताना ऐकलं होतं. पाणी म्हटलं की दगडाकडे बघायचं आणि वरून खाली यायचं. यात विचार करण्यासारखं काही आहे, हेच तिला कधी सुचलं नव्हतं.

पण पुस्तकाचा एच खालच्या टोकापासून निघत होता. असलेला. उतरलेला नाही.

सहातून दोन उतरले. असलेले चार. चाराचं अर्धं दोन.

"टीने," ती हळूच म्हणाली, "तुया हात बरोबर हाये."

"मी तं केव्हाची सांगून राहिली!"

मुलांनो, इथं जरा थांबा, कारण ज्योत्सनाही इथं थांबली होती. वरून मोजणं ही तिची चूक नव्हती. तिचे बाबा तसे मोजतात आणि गोदावरीबाईंच्या धानाला वेळेवर पाणी मिळतं. चूक वेगळीच होती. पाणी तिनं पाळीवर उभं राहून मोजलं आणि रुंदी काढताना तळाशी बसलेल्या माणसाचं सूत्र घेतलं. पाळीवरच्या माणसाचं शून्य वर, तळच्या माणसाचं शून्य खाली. दोघांचे आकडे तिनं एकाच ओळीत लिहिले. एका जागी दोन शून्यं झाली, तर बिचारं उत्तर येणार तरी कसं?

आणि तो उणे! पाणी उतरतं तेव्हा उतरलेलं वाढत जातं आणि असलेलं कमी होत जातं. वाढतं त्याला अधिक, घटतं त्याला उणे. तिच्या मनात वाढणारं असायचं, कागदावरच्या सूत्रात घटणारं. म्हणून चिन्ह उलटं वाटायचं, म्हणून ती ते बदलायची, आणि बरोबर आलेलं चिन्हही बिघडवून ठेवायची. तिच्या डोक्यात काहीही उलटं बसवलेलं नव्हतं. ती फक्त पाळीवर उभी होती.

तिनं शिडीचं गणित मातीतच करून पाहिलं. आलं. हौदाचं केलं. तेही आलं. मग ती जांभळाच्या खोडाला टेकून बसली आणि हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसू थांबेना. टीना घाबरून बघत राहिली, मग तिनं खिशातलं मीठ लावून कैरीचा उरलेला तुकडा ताईच्या हातात दिला. ज्योत्सनानं तो एकदम तोंडात टाकला. कित्येक दिवसांनी तिला कशाची तरी चव लागली होती.

त्या दिवशी तिनं दोनदा भात मागून घेतला. आईनं वाढताना बाबांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ममता मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी ज्योत्सना. मॅडम, मी एच वरून मोजत होते."

"वरून म्हणजे?"

"पाळीवरून. म्हणजे काठावरून. आमच्या गावात तलाव किती आहे असं कोणी सांगत नाही, किती उतरला ते सांगतात. मी सगळी गणितं तशीच मांडत होते आणि सूत्र खालून मोजणाऱ्याचं वापरत होते."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. ममता मॅडम नागपूरच्या. पाण्याची टाकी भरते ती खालून वर, हेच त्यांनी जन्मभर पाहिलेलं. मग त्या मोकळ्या हसल्या.

"अगं, वर्षभर मी तुला चिन्हं शिकवत होते! तुझी चिन्हं ठीकच होती की!"

"मग मॅडम, आता मी खालूनच मोजायची सवय करते."

"कशाला? वरूनच मोज ना. फक्त मग रुंदीसुद्धा वरूनच सांगायची. सहातून उतरलेलं वजा कर, उरेल त्याचं अर्धं कर. शून्य कुठंही ठेव, बाळ, पण ठेवलं की तिथून हलायचं नाही. बघ करून."

ज्योत्सनानं करून पाहिलं. एकदा तळापासून, एकदा पाळीवरून. दोन्ही वाटांनी वेग सारखाच आला. हे पाहून तिला जे वाटलं ते कालच्या आनंदाहूनही मोठं होतं. गणित शिकायला तिला पाळ सोडून खाली उतरायची गरज नव्हती.

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात आला आणि पहिल्या पानावर ना भांडं होतं ना शिडी. गच्चीवरून वर फेकलेला चेंडू होता. तो किती उंच जाईल आणि किती वेगानं जमिनीवर पडेल? तिनं प्रश्न दोनदा वाचला. मग तिनं कच्च्या कागदावर गच्ची काढली, चेंडू काढला आणि कशालाही हात लावण्याआधी जमिनीवर एक जाडसा ठिपका दिला. सांडव्याच्या दगडासारखा. शेजारी शून्य लिहिलं. वर जाणारं अधिक, खाली येणारं उणे. बाकीचं गणित तिला पहिल्यापासून येतच होतं, ते धडाधडा उतरलं. वेळ उरला म्हणून तिनं ठिपका गच्चीवर ठेवून पुन्हा करून पाहिलं. गच्चीची उंची मिळवली की उत्तर तेच.

सगळा पेपर काही सोपा गेला नाही. शेवटचा एक प्रश्न तिला मुळीच कळला नाही, तो तिनं तसाच सोडला. पण त्यावर ती अडून बसली नाही. येत नाही ते येत नाही. येतं ते आता हातातून निसटत नव्हतं.

बाहेर प्रविण मोटारसायकल घेऊन उभा होता.

"काय मंग, सापडला का मायनस?"

"सापडला ना दादा. घरीच होता."

"आन् मी फुकट जाळं विणून राहिलो होतो!" म्हणत त्यानं गाडीला किक मारली.

निकाल लागला तेव्हा तलाव आणखी खाली गेला होता. घरात मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून आई सोडून सगळे पाळीवर आले. पान उघडता उघडेना. टीना ताईच्या खांद्यावरून वाकून बघत होती. हेमराज जाळं दुरुस्त करत असल्याचं दाखवत होते, पण सुई एकाच गाठीत अडकून पडली होती. अखेर पान उघडलं. गणित-एकच्या पुढं पास असं लिहिलेलं होतं.

ज्योत्सनानं ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"म्हंजे झालं ना बेटा?" हेमराजनी विचारलं.

"झालं बाबा. आता दुसरं वर्ष."

हेमराज तिथंच पाळीवर बसले. दुपट्ट्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. "तू जेवे नाई," ते म्हणाले, "तं मलेही घास जाये नाई. तुयी माय म्हणे, विचारू नोका, पोरगी आपली आपण पाहून घेईन." आणि मग ते शकुनला हाक मारत मारत घराकडे निघाले. बातमी सांगायची घाई इतकी की जाळं तिथंच राहिलं.

ज्योत्सना मॅडमना फोन लावायला थोडी पलीकडे गेली. टीना मात्र डोंग्यापाशी उतरली. डोंगा हाकायचा बांबू तिनं दोन्ही हातांनी उचलला, काठावरून पाण्यात सरळ उभा धरला आणि पोटाशी घेऊन खाली दाबला. बांबू गाळाला लागला. तिनं पाण्याच्या पातळीशी त्यावर बोट धरलं, बोट न हलवता कसाबसा तो ओढून बाहेर काढला आणि पाळीच्या मातीत आडवा ठेवला. बोटाच्या जागी गवताची काडी बांधली. मग खालच्या टोकाचा गाळ जिथं संपत होता तिथं ती पालथी पडली.

पलीकडच्या बांधावरून गोदावरीबाईंची हाक आली, "काय व टीना, कितीक उतरला तलाव?"

टीनानं वर पाहिलंच नाही. थांबा, असा एक हात हवेत केला आणि दुसऱ्या हाताचं कोपर गाळाच्या खुणेवर टेकवून मोठ्यानं म्हणाली, "एक हाये!" आणि कोपर पुढं सरकवलं.